बेताच्या पैशांत लॅपटॉप : एक अभ्यास
(प्रवास, छायाचित्रे आणि फावल्या वेळची करमणूक यांच्या संदर्भात)

द्वितीय वर्ष कला (इतिहास)

लॅपटॉप या शब्दाचा सरळ अर्थ मांडीवर ठेवून वापरावयाचा संगणक. आज महाविद्यालयात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. परंतु तो विकत घ्यावयाची वेळ आली म्हणजे शब्दापलीकडे आपल्याला फारसे ठाऊक नसते, हा अनुभव माझ्याप्रमाणे अनेकांना आला असेल. मोबाइल घेताना आपण चार मैत्रिणींना विचारतो आणि त्यांचे सांगणे बहुधा बरोबर निघते, कारण मोबाइल प्रत्येकीकडे आहे. लॅपटॉपचे तसे नाही. आमच्या वर्गात तो मोजक्याच जणांकडे आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना तो थोरल्या भावाने किंवा काकांनी आणून दिलेला आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरी विचारावे असे कोणी नव्हते. म्हणून मी विषय अभ्यासाला घ्यावा तसा हा प्रश्न हाती घेतला. वही केली, दुकाने पाहिली, वाचले आणि मग खरेदी केली. त्या वहीतून हा लेख तयार झाला आहे.

थोडा इतिहास सांगितल्यावाचून इतिहासाच्या विद्यार्थिनीला पुढे जाववत नाही. १९७२ साली ॲलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘डायनाबुक’ नावाची कल्पना मांडली. लहान मुलालाही काखोटीला मारून नेता येईल असा वहीएवढा संगणक त्याच्या डोळ्यांपुढे होता. पण तो कागदावरच राहिला. १९८१ मध्ये ऑस्बर्न-१ हा ‘उचलून नेण्याजोगा’ संगणक बाजारात आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि पडदा अवघा पाच इंचांचा, म्हणजे आपल्या मोबाइलपेक्षाही लहान. पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास आला. आजच्या लॅपटॉपचे शिंपल्यासारखे मिटणारे रूप आपण त्यात पाहतो. मात्र हे सारे धनिकांचे आणि सरकारी खात्यांचे लाड होते. स्वस्त आणि हलका लॅपटॉप सामान्य माणसाच्या हातात येऊ लागला तो २००७ मध्ये, जेव्हा आसुस कंपनीने सात इंची पडद्याचा, एक किलोपेक्षाही कमी वजनाचा ई-पीसी काढला. त्याच वर्षी ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा प्रयोग आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एका छोट्या शाळेत झाला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. असो.

कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी ती कशाकरिता घ्यावयाची, हे स्वतःशी स्पष्ट असावे. माझे तीन हेतू होते. पहिला छायाचित्रांचा. गेल्या दीड वर्षापासून मी आमच्या पंचक्रोशीतील वीरगळांची नोंद करीत आहे. वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गुरे राखताना कामी आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्याची साधारण रचना असते. अकरा गावांत मला असे एकेचाळीस दगड सापडले. त्यांतले काही देवळामागे उभे आहेत, काही विहिरीच्या काठावर कपडे धुण्यासाठी आडवे टाकलेले आहेत. गेल्या वर्षी एका गावात देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि दोन वीरगळांवर चकचकीत ऑइलपेंट चढला. गावकऱ्यांनी तो भक्तीनेच दिला, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही; पण त्या दगडांवरील बारीक कोरीवकाम आता केवळ माझ्या छायाचित्रांत उरले आहे. आणि ती छायाचित्रे होती एका जुन्या मोबाइलमध्ये, ज्याची जागा भरत आली होती. १ जून २०२१ पासून गूगलने छायाचित्रांसाठीची अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि मोफत मिळणारी १५ जीबी जागा टपालासहित सर्व गोष्टींसाठी एकत्रितच मोजली जाऊ लागली. थोडक्यात, नवे फोटो काढावयाचे तर जुने पुसावे लागणार, अशी वेळ आली होती. ते पुसावयाचे नव्हते, म्हणून ही खरेदी.

दुसरा हेतू प्रवासाचा. विभागाची सहल वेरूळ-अजिंठ्याला जाते, आम्ही काही जण नाणेघाटासारख्या ठिकाणी स्वतंत्रपणेही जातो. दिवसभर काढलेली छायाचित्रे रात्री मुक्कामाच्या जागी उतरवून, कोणता फोटो हलला, कोणता अंधारा आला हे पाहता आले तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा काढता येतो. घरी परतल्यावर कळून उपयोग नसतो. तिसरा हेतू करमणुकीचा. धाकट्या भावाला चित्रपट आणि क्रिकेट, आजीला कीर्तन. घरातला पैसा लागणार असेल तर घराला त्यातून काहीतरी मिळावे, हे रास्तच होय.

पैशाचे मान असे होते : आईने बचत गटातून काढलेले २० हजार आणि माझ्या शिष्यवृत्तीचे व सुट्टीतील कामाचे मिळून १८ हजार, एकूण ३८ हजार. यातले २० हजार फेडावयाचे आहेत. तेव्हा घेतलेली वस्तू किमान पाच वर्षे चालली पाहिजे, ही पहिली अट मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. पुढे जे भाव येतील ते २०२५ च्या दिवाळीच्या सुमाराचे आहेत. या वस्तूंचे भाव महिन्यागणिक हलतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम आकार आणि वजन. आपल्याकडील जाहिरातींत पडद्याचे माप सेंटिमीटरमध्ये दिलेले असते आणि ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे असते. ३९.६ सेंमी म्हणजे १५.६ इंच, ३५.६ सेंमी म्हणजे १४ इंच. दुकानांत १५.६ इंची लॅपटॉपांचे ढीग असतात आणि त्याच पैशांत मोठा पडदा मिळतो म्हणून गिऱ्हाइकाचा ओढाही तिकडेच असतो. घरात एका जागी ठेवावयाचा असेल तर तोच घ्यावा. परंतु तो साधारण पावणेदोन किलोचा भरतो, १४ इंची सव्वा ते दीड किलोचा, आणि दोहोंच्याही चार्जरचे वजन वेगळे. अर्ध्या किलोचा हा फरक दुकानात जाणवत नाही. एसटीच्या गर्दीत उभे राहून पाठीवर पिशवी, हातात डबा असा दोन तासांचा प्रवास केला की जाणवतो. शिवाय १५.६ इंची लॅपटॉप सामान्य दप्तरात धड बसत नाही. मी १४ इंच ठरविले.

आता पडद्याच्या गुणाविषयी, आणि येथे मी जरा रेंगाळणार आहे. कारण छायाचित्रांचे काम करणाऱ्याला सर्वांत अधिक संबंध पडद्याशी येतो आणि विकणारा सर्वांत कमी बोलतो तो पडद्याविषयीच. पडदा हा लहान लहान ठिपक्यांचा बनलेला असतो. स्वस्त लॅपटॉपांत अजूनही १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा आढळतो. हिशेब केला तर ते साडेदहा लाख ठिपके होतात. ‘फुल एचडी’ म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे पावणेएकवीस लाख, जवळजवळ दुप्पट. मोबाइलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो असतो १ कोटी २० लाख ठिपक्यांचा. म्हणजे फुल एचडी पडदादेखील पूर्ण फोटोतला सुमारे सहावा हिस्साच एका वेळी खराखुरा दाखवितो, आणि साधा पडदा अकरावा हिस्सा. वीरगळावरील घोड्याचा लगाम किंवा शिलालेखातील ब्राह्मी अक्षराची मात्रा पाहावयाची असेल तर हा फरक क्षुल्लक नव्हे. फुल एचडीखालचा पडदा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठिपक्यांइतकेच महत्त्व पडद्याच्या जातीला आहे. टीएन जातीचा पडदा समोरून बरा दिसतो. पण जरा वरून किंवा खालून पाहिले की रंग उलटेपालटे होतात, चेहरे काळवंडतात. आयपीएस जातीचा पडदा कोणत्याही बाजूने पाहिला तरी चित्र जवळपास तेच राहते. चौघे जण चटईवर बसून एका पडद्यावर चित्रपट पाहणार असतील तर आयपीएस पाहिजेच. पेटीवर जात लिहिलेली नसली तर दुकानात लॅपटॉप उघडून, वाकून खालच्या बाजूने पाहावे, लगेच कळते.

तिसरी बाब रंगांच्या व्याप्तीची. माहितीपत्रकात अगदी शेवटी बारीक अक्षरांत ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. छायाचित्रांसाठी जे प्रमाण मानतात त्याचे नाव एसआरजीबी, आणि संपूर्ण एसआरजीबी म्हणजे सुमारे ७२ टक्के एनटीएससी. त्या हिशेबाने ४५ टक्क्यांचा पडदा छायाचित्रातल्या रंगांपैकी साठ-पासष्ट टक्केच दाखवू शकतो. गडद लाल, गडद हिरवा हे रंग त्याच्या आवाक्याबाहेर जातात. चाळीस हजारांच्या आत बहुतेक पडदे याच जातीचे मिळतात. मी याची परीक्षा कशी घेतली ते सांगते. एका पेन ड्राइव्हवर तीन फोटो घेतले : मावळतीच्या तिरप्या उन्हात काढलेला वीरगळ, अजिंठ्याच्या लेण्यात फ्लॅशवाचून काढलेले (तेथे फ्लॅशला बंदी आहे) भित्तिचित्र, आणि बहिणीच्या लग्नातील लाल शालू. हेच तीन फोटो मी प्रत्येक दुकानात, प्रत्येक लॅपटॉपवर उघडून पाहिले. वीरगळ सर्वत्र जवळजवळ सारखा दिसला, कारण काळ्या दगडात रंग तो किती असणार! भित्तिचित्रातील अंधारे भाग साध्या पडद्यावर एकमेकांत मिसळून गेले. आणि शालू? स्वस्त पडद्यांवर तो विटकरी दिसला, महाग पडद्यावर मूळ रंगाचा. त्या दिवशी मला हे कळले की माझ्या मुख्य कामाला ४५ टक्क्यांचा पडदा चालेल. परंतु जे लग्नसमारंभाची छायाचित्रे काढून चार पैसे मिळविण्याचा विचार करीत आहेत, त्यांनी बाकी कोठेही काटकसर करावी, पडद्यात करू नये.

एका दुकानदाराने माझा पेन ड्राइव्ह लावू दिला नाही. “ताई, कंपनीचा माल आहे, त्यात पाहायचं काय?” असे तो म्हणाला. मी नमस्कार करून बाहेर पडले. साडी घेताना आपण ती उजेडात नेऊन पाहतोच की!

साठवणीकडे वळू. येथे तीन प्रकार समोर येतात. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क स्वस्त आणि ऐसपैस, पण मंद आणि धक्क्याला नाजूक; प्रवासात चालू असताना हिसका बसला तर बिघडू शकते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, म्हणून ती वेगवान आणि प्रवासाला योग्य. तिसरा प्रकार ईएमएमसी. अत्यंत स्वस्त लॅपटॉपांत ‘६४ जीबी साठवण’ असे लिहिलेले असते ते बहुधा हेच. ही मदरबोर्डलाच जोडलेली असते, पुढे बदलता येत नाही, आणि विंडोज ११ ला मुळात किमान ६४ जीबी जागा लागते. म्हणजे गाडी भरूनच स्टँडावर आली, प्रवासी बसणार कोठे? अशा लॅपटॉपची किंमत मोह पाडणारी असली तरी छायाचित्रांसाठी तो निरुपयोगी समजावा.

५१२ जीबीची एसएसडी लावल्यावर संगणक ४७७ जीबीच दाखवितो आणि गिऱ्हाइकाला वाटते, आपण फसलो. ही फसवणूक नव्हे. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, संगणक १०२४ च्या पटीत मोजतो. एवढाच तो भेद. मोबाइलचा फोटो साधारण चार एमबीचा धरला तर एका जीबीत अडीचशे फोटो मावतात. विंडोज आणि इतर साधने यांना शंभर जीबी सोडली तरी माझ्यासारखीचे काम ५१२ जीबीत काही वर्षे निर्धास्त चालेल. ज्यांच्याकडे चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे आणि जे ‘रॉ’ स्वरूपात फोटो काढतात, त्यांनी एका फोटोला पंचवीस-तीस एमबी धरून आपला हिशेब मांडावा. कॅमेऱ्याचे कार्ड घालण्याची खाच आता पुष्कळ लॅपटॉपांत नसते, हेही पाहून ठेवावे; नसली तर वेगळा कार्ड-रीडर थोडक्या पैशांत मिळतो.

प्रोसेसरच्या बाबतीत दुकानांत जो गोंधळ आहे तो पाहून मी थक्क झाले. ‘आय-थ्री’, ‘आय-फाइव्ह’, ‘रायझन-फाइव्ह’ एवढेच शब्द सांगितले जातात आणि पाच हा आकडा तीनपेक्षा मोठा, म्हणून तो चांगला, असा सरळ निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः पुढचे आकडे वाचावयास हवेत. इंटेलच्या आय-३ १२१५यू या नावात सुरुवातीचा १२ हा पिढीचा आकडा आहे. ही बारावी पिढी २०२२ ची. तीत सहा गाभे आहेत. उलट कोणी सातव्या पिढीचा आय-५ देऊ केला तर तो नावाने थोर असला तरी वयाने जुना. एएमडी कंपनीच्या २०२३ पासूनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहावा : तो २ असेल तर आतील रचना ‘झेन २’, ३ असेल तर ‘झेन ३’, ४ असेल तर ‘झेन ४’. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे सख्ख्या भावांसारखी दिसतात. परंतु पहिल्यात २०१९ च्या रचनेचे चार गाभे आहेत, दुसऱ्यात त्यानंतरच्या रचनेचे सहा. एका आकड्याचा फरक, आणि विकणारा दोघांनाही ‘रायझन-फाइव्ह’च म्हणतो! इंटेलने सेलेरॉन आणि पेन्टियम ही नावे २०२३ पासून लॅपटॉपांसाठी सोडून दिली. त्यांच्या जागी एन१००, एन२०० अशी साधी नावे आली. केवळ चित्रपट पाहणे, टंकलेखन, इंटरनेट यांना ते पुरतात आणि वीज कमी खातात. छायाचित्रांवर संस्कार करताना मात्र वाट पाहावयास लावतात.

मेमरी, म्हणजे रॅम, ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी पुरते. पण ती केवळ उभे राहण्यापुरती. याहून महत्त्वाचा प्रश्न असा की पुढे ती वाढविता येईल काय? काही लॅपटॉपांत रॅम झाळून टाकलेली असते. वर सांगितलेल्या ७५२०यूसोबत तर ती नेहमीच झाळलेली असते. पाच वर्षे वापरावयाची वस्तू असेल तर एक खाच रिकामी असलेली बरी. दुकानात चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यात मेमरीच्या पानावर किती खाचा भरल्या आहेत हे लिहिलेले असते. मी हे करून पाहिले तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, “हे आम्हालाही नव्हतं माहीत, ताई.”

जुन्या लॅपटॉपांच्या बाजारालाही मी गेले. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले, दुरुस्त करून विकलेले लॅपटॉप पंधरा-वीस हजारांत मिळतात. त्यांची बांधणी भक्कम असते, की-बोर्ड उत्तम असतो, आणि खरे सांगावयाचे तर नव्या स्वस्त लॅपटॉपांपेक्षा ते हाताला अधिक चांगले लागतात. माझा कल प्रथम तिकडेच होता. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार संपविला. विंडोज ११ अधिकृतपणे चालते ती इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढे, आणि त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोयही लागते. बाजारात स्वस्तात निघालेले कित्येक लॅपटॉप सहाव्या-सातव्या पिढीचे होते. त्यांच्यावर ‘विंडोज ११ घातलेले आहे’ असे सांगण्यात येत होते. ते आडमार्गाने घालता येतेही, पण सुधारणा वेळेवर मिळतील याची हमी कोण देणार? ज्यांना लिनक्सची भीती वाटत नाही त्यांना असा जुना लॅपटॉप फार चांगला. मराठी टंकलेखन, चित्रपट, छायाचित्रांसाठीचे गिम्प आणि डिजिकॅम हे सर्व तेथे विनामूल्य चालते. बाकीच्यांनी जुना घ्यावयाचा तर आठव्या पिढीपुढचा घ्यावा आणि बॅटरी तपासावी. विंडोजच्या कमांड खिडकीत पॉवरसीएफजी या शब्दापुढे जागा सोडून तिरपी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असे इंग्रजीत टंकले की एक पत्रक तयार होते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता शेजारी शेजारी मिळतात. मी पाहिलेल्या एकात ती निम्म्यावर आली होती.

क्रोमबुकचा विचारही अवश्य करावा. २०२१ पासूनच्या रचनेच्या क्रोमबुकांना दहा वर्षे आपोआप सुधारणा देण्याचे गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले, ही त्यांची जमेची बाजू. परंतु त्यांची सारी मदार इंटरनेटवर, साठवण तोकडी, आणि आमच्या गावी पावसाळ्यात रेंज गेली की दोन दोन दिवस येत नाही. शहरातील वसतिगृहात राहणाऱ्याचे उत्तर वेगळे येऊ शकेल.

बॅटरीचे माप वॅट-तासांत असते. ४२ वॅट-तासांची बॅटरी आणि साध्या कामाला ७ वॅट खर्च धरला तर सहा तास. पडदा प्रखर करून चित्रपट लावला की चार-पाचावर येते. ‘दिवसभर चालतो’ या जाहिरातीपेक्षा हा भागाकार अधिक विश्वासाचा. यूएसबी-सी मार्गाने चार्ज होणारा मिळाल्यास तो पत्करावा, म्हणजे प्रवासात दोन चार्जर वागवावे लागत नाहीत. चार्जर कोणताही असो, त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढे पाहावे. करमणुकीसाठी वेगळे काही लागत नाही : फुल एचडी पडदा, कानात घालावयाच्या वायरीची खाच, आणि घरी दूरचित्रवाणी असेल तर एचडीएमआयची खाच. लॅपटॉपचे स्वतःचे आवाजयंत्र या किमतीत कीर्तनाच्या टाळांना न्याय देत नाही. आजीसाठी आम्ही जुनाच स्पीकर जोडला.

दुरुस्ती-केंद्र कोठे आहे, हा प्रश्न शहरातल्या लेखांत नसतो, आम्हाला तो विचारावा लागतो. लॅपटॉप कंपनीकडे नेऊन द्यावयाचा की कंपनीचा माणूस घरी येणार, हे हमीपत्रात वेगवेगळे असते. मी पाहिलेल्या एका कंपनीचे जवळचे केंद्र आमच्यापासून नव्वद किलोमीटरवर होते. दोन खेपा झाल्या तर दोन दिवसांची मजुरी आणि भाडे, म्हणजे वाचविलेले हजार-पंधराशे तेथेच गेले.

हप्त्यांविषयी एकच गणित मांडते. एका दुकानात ‘बिनव्याजी हप्ते’ असा फलक होता. चौकशीअंती प्रक्रिया-शुल्क निघाले आणि रोखीला मिळणारी सूट हप्त्यांना नव्हती. क्रेडिट कार्डांवरील शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच आक्षेप घेतला होता, तो याच कारणासाठी : व्याज शुल्काच्या पोटात लपविलेले असते. आमच्या बचत गटाचा दर दरमहा शेकडा एक, आणि तोही उरलेल्या रकमेवर. २० हजार दहा समान हप्त्यांत फेडले तर व्याज पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, असे उतरत जाऊन एकूण ११०० होते. तोच दर मूळ रकमेवर सरसकट लावला तर २००० झाले असते. आईला हे गणित कागदावाचून येते. मला वही लागली.

अखेरीस घेतला तो १४ इंची, फुल एचडी आयपीएस पडदा, बाराव्या पिढीचा आय-३, ८ जीबी रॅम व एक खाच रिकामी, ५१२ जीबी एसएसडी, वजन १ किलो ४०० ग्रॅम, किंमत ३२,९९०. रंगांच्या बाबतीत पडदा ४५ टक्क्यांचाच आहे आणि शालू त्यावर विटकरीच दिसतो. उरलेल्या पैशांतून ४,६०० रुपयांची एक टीबीची बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क घेतली. लॅपटॉप माझ्याबरोबर फिरतो. डिस्क फिरत नाही. प्रत्येक गावाच्या नावाचा कप्पा, त्यात प्रत्येक वीरगळाचा क्रमांक, आणि दर रविवारी लॅपटॉपमधील नवे फोटो डिस्कवर, अशी पद्धत ठेवली आहे. डिस्क घरी आई ज्वारीच्या कोठीवरच्या फळीत, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवते.